दोन बोटं खाली

सदूजी हटवारांच्या दुकानात वजनाचा काटा नव्हता. भिंत होती.

वाडीला अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांची रांग जिथं संपते, तिथं एका बंद गोदामाच्या मागच्या भिंतीला टिनाचं छप्पर जोडून त्यांनी दुकान मांडलं होतं. पाटी नव्हती. चुन्याच्या त्या भिंतीवर खडूच्या आडव्या रेघा होत्या, जोडीजोडीनं. वरची रेघ रिकाम्या मोटारसायकलची, खालची तिच्यावर माणूस बसल्यानंतरची. सदूजींना लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येक जोडीशेजारी नावाच्या जागी चित्र असे. दूधवाल्याजवळ कॅन, पोस्टमनजवळ थैली, जंगलखात्यातल्या गार्डाजवळ झाड. माझ्या रेघांजवळ ज्वारीचं कणीस होतं, कारण मी कृषी खात्यात होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, पोरांनी खेळून ठेवलं आहे. पण थोडा वेळ समोर उभं राहिलं की वेगळंच वाटायला लागे. सगळ्या रेघा बसलेल्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर, आणि वर कोणी नाही. चाळीसेक माणसं ओळीनं बसली आहेत आणि आपल्याला दिसत नाहीत, असं काहीतरी.

मी बी.एस्सी. ॲग्री आहे. माझे वडील याच वाडीच्या गोदामांत हमाल होते आणि आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. मिरवायला सांगतो असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. पण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून मला कोणी भोळा समजू नये, म्हणूनही सांगतो.

सदूजींकडे मी गेलो ते माझ्या वजनापायी. तेव्हा मी एकशे सहा किलो होतो आणि कळमेश्वरच्या पलीकडची गावं माझ्याकडे होती. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, नाहीतर शेताचा धुरा म्हणजे बांध, नाहीतर नाल्यातले गोटे. गाडी राजदूत. साध्या अंगाच्या माणसाला ती कुठूनही काढून नेई. मी बसलो की खड्ड्यात खालून खण्णकन आवाज यायचा, लोखंडावर लोखंड, आणि तो माझ्या कण्यातून टाळूपर्यंत जायचा. शहरातल्या दोन मिस्त्र्यांनी मागच्या शॉकअपच्या चकत्या फिरवून स्प्रिंगा दाबून दिल्या. सीट वर आली. आवाज गेला नाही.

सदूजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. उंच, हाडकुळा माणूस, खांदे पुढं आलेले, अंगात खाकी अर्धी पँट. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. बोलताना ते उजवा डोळा गाडीवर ठेवत आणि तो पांढरा डोळा तुमच्यावर राही.

"कोणी दाबली गा ही स्प्रिंग?"

मी मिस्त्र्याचं नाव सांगितलं.

"दाबल्यानं स्प्रिंग कडक होते का, साहेब? नुसती भेवून बसते. भेवलेला एक दणका सोसते. दुसऱ्या दणक्याले बसकण मारते."

मी माझं वजन सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "वजन नोका सांगू. माणूस त्यात खोटं बोलते. अन् खरं बोलला तरी ते कालचं असते. उद्या या, कामावर जाता तसे. पिशवी, डबा, पाणी, जे काही अंगावर राहते ते सगळं घेऊन. एक वस्तू कमी नाही पायजे."

ही त्यांची पद्धत. दुसऱ्या दिवशी मी मातीचे नमुने घ्यायच्या गिरमिटापासून छत्रीपर्यंत सगळं घेऊन गेलो. भिंतीला लागून एक सागवानी चौकट होती. तिच्यात गाडीचं हँडल असं धरलं जाई की गाडी पडू शकत नसे, पण वर-खाली व्हायला मोकळी. सीटच्या मागं एक तारेचा काटा बांधलेला, त्याचं टोक भिंतीला जेमतेम लागेल असं. मी बसलो.

"पाय वर घ्या, साहेब. जमीन सोडा."

"सोडली."

"टाचा सोडल्या. चवडे टेकूनच आहेत."

त्यांनी खाली पाहिलंही नव्हतं. आणि मी खरंच चवडे टेकून होतो. इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी बारीक माणसांना ठाऊक नसते. जाड माणूस कुठंही पूर्ण बसत नाही. दुसऱ्याच्या खुर्चीवर, पाहुण्याच्या खाटेवर, मित्राच्या गाडीवर तो थोडं वजन आपल्या पायांत राखून ठेवतो. कोणी शिकवत नाही. लाज शिकवते.

मी पाय उचलले. सदूजींनी मटक्यातल्या पाण्यानं उजवा हात धुतला, जेवायला बसण्याआधी धुतात तसा. पंच्याला पुसला, आणि तळवा मागच्या मडगार्डवर ठेवून डोळे मिटले. बराच वेळ. मग खडूनं रेघ मारली.

ते सांगत ते असं. गाडीचा खाली-वर जायचा जेवढा झोका, त्याचा तिसरा हिस्सा माणूस बसल्यावर खर्च व्हावा. उरलेले दोन हिस्से खड्ड्यांसाठी शिल्लक राहावेत. जड माणसाच्या खाली निम्म्याहून जास्त झोका बसताक्षणीच संपतो, मग पहिल्या नाल्यात लोखंडाला लोखंड लागतं. उपाय म्हणजे स्प्रिंग बदलणं. भंगारातून आणलेल्या स्प्रिंगा त्यांच्याकडे खिळ्यांना टांगलेल्या असत. हातात तोलून, जमिनीवर उभी करून, पायानं दाबून ते एक निवडत. पुढच्या नळ्यांत तेलही घट्ट भरत. "नुसती कडक स्प्रिंग टाकली तं गाडी म्हशीवानी उधळते, साहेब. स्प्रिंग उचलते. तेल तिले थांबवते."

त्यानंतर मी पहिल्यांदा तिष्टीच्या वाटेवरचा नाला ओलांडला तेव्हा आवाजाची वाट पाहत राहिलो. आवाज आला नाही. मागं वळून पाहिलं तर नाला केव्हाच मागं पडला होता.

पुढं दर दोन-तीन महिन्यांनी मी तेल बदलायच्या निमित्तानं जाऊ लागलो. खरं कारण तो तळवा. एका सकाळी माझ्यासमोर एक दूधवाला भरल्या कॅनांसह चौकटीत बसला. सदूजींनी हात ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आज डबा नाही आणला."

"इसरलो, जी."

"इसरले नाही. तिनं देल्ला नाही."

दूधवाला मानेवरचा घाम पुसत बसून राहिला. मग म्हणाला, "दोन दिवस झाले, माहेरी गेली."

"आणा जाऊन. डबा आला की मग मोजू. डब्याबिगर मोजलं तं गाडी जन्मभर चुकीची राहीन."

मी त्यांना विचारलं, अर्धा किलोचा फरक तळव्याला कसा कळतो. ते म्हणाले, "तुमच्या बाबाले पोतं पाठीवर घेतल्याबरोबर समजत होतं ना, ओलं हाये का कोरडं? तसंच." माझे वडील त्यांना ठाऊक होते. वाडीत सगळ्यांना सगळे ठाऊक असत. ते बरोबरच बोलत होते, पण त्यांनी डोळे का मिटायचे, आणि मिटल्यावर त्यांचे ओठ का हलायचे, हे मात्र वडिलांच्या पोत्यात बसत नव्हतं.

भिंतीवरच्या काही रेघा मेलेल्या माणसांच्या होत्या. सदूजी त्या पुसत नसत. एकदा मी विचारलं तर त्यांनी मलाच उलट विचारलं.

"तुम्ही शिकलेले. माणूस गेला म्हणजे त्याचं वजन कुठी जाते?"

मी सांगितलं. जळतं, राख होते, वाफ होते, हवेत मिसळतं. पण वस्तुमान नष्ट होत नाही, हा नियम आहे.

"म्हणजे जात नाही."

"रूप बदलतं."

"तेच मी म्हणून राहिलो," सदूजी म्हणाले, आणि नळीत तेल ओतायला लागले.

भोजराज नेवारे पहिल्यांदा दुकानात आला तो रविवार होता. कोराडीच्या वीज केंद्रातून ज्या मोठ्या तारा निघतात त्यांच्या खालून शेताशेतांतून जायचं, खांब तपासायचे, हे त्याचं काम. सहा फुटांच्या वर उंच, अंगानं माझ्या दीडपट, लोक त्याला पैलवान म्हणत. हसला की त्याचे डोळे गालांत बुडून जात. दोनदा गाडी खाली टेकून तो शेतात आपटला होता, म्हणून आला होता. कामाची सगळी सामग्री पोत्यात भरून आणली होती, सदूजींच्या हुकमाप्रमाणे. पट्टा, दोर, हत्यारांची थैली. आणि सुट्टीचा दिवस म्हणून सोबत बायको शांताबाई आणि दोन मेहुण्या. गाडीचं काम आटोपलं की सगळे सीताबर्डीला बाजारात जाणार होते. मी माझ्या पाळीची वाट पाहत बाकावर होतो.

भोजराजनं पट्टा बांधला, दोर खांद्यावर घेतला आणि चौकटीत जाऊन गाडीवर बसला. गाडी खाली गेली.

"अवं पाह्य वं ताई," धाकटी मेहुणी म्हणाली, "भाऊजी दिसून राहिले, गाडी कुठी गेली?"

दुसरी म्हणाली, "आता आपण बाजारात पायीच चला. गाडी भाऊजीले डोक्यावर घेऊन जाऊ द्या."

शांताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. भोजराजही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आणि मी पाहिलं, त्याच्या बुटांचे चवडे हळूच खाली आले आणि जमिनीवर टेकले. गाडी थोडी वर आली.

सदूजींनी हात धुतला, पुसला, मडगार्डवर ठेवला. मी वाट पाहत होतो, आता म्हणतील, पाय वर घ्या. त्यांनी बायकांकडे एकदा पाहिलं. मग भोजराजच्या कानांकडे, ते लाल झाले होते. डोळे मिटले. काही बोलले नाहीत. रेघ मारली, आणि शेजारी एक खांब काढून त्याला दोन तारा जोडल्या.

मीही काही बोललो नाही. दुसऱ्या जाड माणसाला चारचौघांत पाय वर घ्यायला सांगणं मला जमलं नसतं.

चार महिने भोजराजची गाडी चांगली चालली. मग उन्हाळ्यात, भर दुपारी अडीचच्या सुमारास, एका बांधावरून उतरताना ती खाली टेकली आणि तो दगडांवर डोक्यावर पडला. शेतात माणूस नव्हतं. तास-दीड तासानं कोणाच्या तरी दृष्टीस पडला तेव्हा तो गेलेला होता.

पंचनामा आटोपून गाडी भोजराजच्या भावानं, गुणवंतानं, बैलगाडीत घालून सदूजींकडे आणली. मी त्या दिवशी तिथं होतो तो योगायोग नव्हता, बातमी ऐकून गेलो होतो. सदूजी गाडीखाली आडवे झाले. मागच्या बाजूला फ्रेमला एक ताजी खूण होती, जिथं लोखंडाला लोखंड लागलं होतं. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. बोट तिथंच ठेवून ते पडून राहिले. चहावाला येऊन चहा ठेवून गेला, तो गार झाला.

गुणवंता भावाच्या अगदी उलट. पन्नास किलोचाही नसेल. भावाच्या जागी त्याला रोजंदारीवर घ्यायचं ठरलं होतं, पण येत्या सोमवारपासून गाडीसह हजर राहायचं होतं, नाहीतर दुसरा माणूस. शांताबाईंच्या घरात आता मिळवणारा तोच एक. जड माणसासाठी बांधलेली गाडी हलक्या माणसाला फेकून देते, म्हणून स्प्रिंगा बदलून द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

शांताबाई त्याच्यासोबत आल्या होत्या. जाताना त्या थांबल्या. "सदूजी, गाडीत काही खोट होती का?"

सदूजी पान्हे पुसत होते. ते पुसतच राहिले. शांताबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

त्यांनी हलक्या स्प्रिंगा टाकल्या, पातळ तेल भरलं, पुढच्या नळ्या सरळ आहेत का पाहिल्या. सरळ होत्या. रिकामी गाडी चौकटीत उभी केली. सकाळी काटा वरच्या रेघेशी होता. दुपारी मी गेलो तेव्हा सदूजी चौकटीपासून दूर, रोडच्या कडेला उभे होते.

"साहेब, पाहून या."

गाडीवर कोणी नव्हतं. काटा भोजराजच्या खालच्या रेघेवर होता. बरोबर रेघेवर, वर नाही, खाली नाही.

मी म्हटलं, स्प्रिंग बसली असेल, भंगारातला माल. त्यांनी माझ्यासमोर दुसरी टाकली. दुसऱ्या दिवशी तेच. तेव्हा मी माझ्या शिक्षणाला साजेसं काम केलं. वही आणि पट्टी घेऊन तीन दिवस रजा टाकून तिथं बसलो. सकाळी आठला काटा वर. बाराला एक बोट खाली. अडीचला थेट रेघेवर. चार वाजता पुन्हा वर. तिन्ही दिवस तेच. ऊन म्हणावं तर उन्हानं स्प्रिंग इतकी नरम होत नाही, मी घरी जाऊन पुस्तक काढून पाहिलं. आणि शेजारी माझी गाडी त्याच उन्हात उभी होती, ती सुतभर हलली नाही. वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानांवर मी शेवटी काही लिहिलेलं नाही, फक्त आकडे आहेत.

तिसऱ्या दिवशी गुणवंतानं गाडी मागच्या मैदानात चालवून पाहिली. ऐन दुपार. रोडवरचे ट्रकसुद्धा झाडाखाली उभे होते, सगळं निपचित. एक फेरी मारून तो परत आला आणि उतरला तो धडपडतच.

"काय झालं गा?" सदूजींनी विचारलं.

"कोणी बसून असल्यावानी वाटते, जी."

"मागं?"

"मागं नाही." त्यानं ओठ पुसले. "माह्याच जागेवर."

तो शनिवार होता. गुणवंता गेल्यावर सदूजी माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. इतक्या वर्षांत ते कधी माझ्याशेजारी बसले नव्हते.

"रेघ चुकीची हाये, साहेब. पैलवानाचे चवडे टेकून होते. मले हाताले समजलं होतं. तीन माणसाइतकं ते हसणं अन् त्याचे ते लाल कान. मले वाटलं, जाऊ दे, गरिबाची किती लाज काढायची. दोन बोटाचा तं फरक हाये. मी जुनी स्प्रिंग त्या रेघेच्या हिशेबानं टाकली."

मी म्हटलं, "मी पण पाहिले होते चवडे."

"मग काहून नाही बोलले?"

"मी पण तसाच बसतो."

त्यांनी मान हलवली. मग चौकटीतल्या रिकाम्या गाडीकडे पाहत म्हणाले, "तुम्ही रोज लिहून राहिले ते पाहा. काटा त्याच रेघेवर येऊन थांबते. चुकीच्या रेघेवर. तो अजूनही चवडे टेकून बसून हाये, साहेब. मी सांगितल्याबिगर तो पाय उचलणार नाही."

माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती मला पुढच्या वाक्याची वाटली.

"उद्या शांताबाईले बोलावलं मी. तिनं विचारलं होतं. सांगा लागन."

"हसण्याचंही सांगणार?"

"वेडे झाले का तुम्ही?" सदूजी म्हणाले.

रविवारी दोनला शांताबाई आणि गुणवंता आले. ऊन असं होतं की टिनाखाली उभं राहवत नव्हतं, तरी कोणी बसलं नाही. गाडी चौकटीत होती आणि काटा खाली चालला होता, डोळ्यांना दिसेल असा नाही, तासाच्या काट्यासारखा.

सदूजींनी डोक्याचा पंचा काढून हातात घेतला. "बाई, तुम्ही विचारलं गाडीत खोट होती का. गाडीत नव्हती. माह्यात होती. मोजताना पैलवानाले मी पाय उचला म्हटलं नाही. त्याच्यानं रेघ वर आली. स्प्रिंग कमी पडली. लोखंडाले लोखंड लागलं."

शांताबाईंना कळायला वेळ लागला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी आम्ही हसलो होतो."

"हसण्याचा काही संबंध नाही, बाई."

"त्यानं पाय खाली टेकले, मी पाह्यलं होतं. मले वाटलं आरामानं बसून हाये."

"आरामानंच बसून होता. पाय उचला म्हणायचं काम माह्यं होतं. तुमचं नाही, बहिणीचं नाही. माह्यं. मी केलं नाही." त्यांचा आवाज चढला नाही. पण उजवा डोळासुद्धा आता गाडीवर नव्हता, शांताबाईंवर होता. "हे ध्यानात ठेवा. बाकीचं इसरा."

शांताबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

अडीच वाजले. काटा रेघेवर येऊन थांबला. सदूजींनी मटक्याशी जाऊन हात धुतला, पुसला. खडू माझ्या हातात दिला.

"तुम्ही मारा रेघ. ज्याच्यानं चूक झाली त्यानं पुन्हा मोजू नये."

"सदूजी, मी..."

"तुम्ही शिकलेले हात. दिसन तेच मारा. जास्त नाही, कमी नाही."

मी भिंतीशी उकिडवा बसलो. सदूजींनी तळवा मागच्या मडगार्डवर ठेवला. या वेळी डोळे मिटले नाहीत. रिकाम्या सीटकडे पाहून, कोणत्याही गिऱ्हाइकाशी बोलत तसे ते म्हणाले,

"पैलवान, पाय वर घ्या. जमीन सोडा. इथं कोणी हासून नाही राहिलं."

काही झालं नाही. रोडवरून एक ट्रक गेला. गुणवंतानं भिंतीचा आधार घेतला.

"घ्या पाय वर," सदूजी पुन्हा म्हणाले, जरा लाडानं. "गाडी सोसते."

पुढच्या नळ्यांत तेल सरकल्याचा आवाज झाला, लांब श्वास सोडावा तसा. माझ्या डोळ्यांसमोर तारेचा काटा रेघ सोडून खाली आला. एक बोट. दोन बोटं. थांबला. त्याच्या टोकानं चुन्यावर बारीक ओरखडा उठला, तो मी पाहिला.

"किती?" सदूजींनी विचारलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

‘नाही’ म्हणून मला खडू परत देता आला असता. मी काट्याशी खडू टेकवला आणि रेघ मारली.

"दोन बोटं," मी म्हटलं.

"बरोबर दोन?"

"बरोबर दोन."

सदूजींनी श्वास घेतला. "झालं, पैलवान. उतरा आता."

काटा वर गेला. हळू नाही, एकदम, जसा माणूस उतरल्यावर जातो तसा. आणि वरच्या रेघेशी जाऊन दोनदा हलून स्थिर झाला. शांताबाई भिंतीजवळ गेल्या. मी मारलेल्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं, पुसलं जाऊ नये असं, अलगद. मग गुणवंताला म्हणाल्या, "बस आता तू. पाय उचलून बस."

गुणवंता सोमवारी कामावर गेला. ती गाडी त्यानं पुढं पुष्कळ वर्षं चालवली आणि ती दुपारीही कधी खाली गेली नाही, असं मला नंतर कळलं.

त्या रविवारी ते दोघं गेल्यावर सदूजींनी खिळ्यांवरच्या स्प्रिंगा एकेक करून काढल्या आणि पोत्यात भरल्या. मी विचारलं, काय करता. म्हणाले, "ज्याले दुसऱ्याची लाज पाहून बोलता येत नाही त्यानं हे काम करू नये." मी समजावलं नाही. चार दिवसांनी माझी बदली गडचिरोलीकडे झाली आणि पुढं वाडीला आलो तेव्हा टिनही नव्हतं, भिंतही नव्हती, नवीन गोदाम उभं होतं. म्हणजे तीच शेवटची भेट.

मी निघालो तेव्हा ते रोडपर्यंत सोबत आले. मी गाडीवर बसलो, किक मारली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. समोर चहाच्या टपरीवर पाच-सात ट्रकवाले बसले होते, आमच्याकडेच पाहत होते. सदूजींनी मागून गाडी धरली.

"पाय वर घ्या, साहेब."

मी घेतले. भर रोडवर, सगळ्यांसमोर, टाचा आणि चवडे दोन्ही. सगळं वजन सोडलं. गाडी खाली गेली आणि टपरीवर कोणीतरी हसलं. सदूजींचा तळवा मागच्या मडगार्डवर आला. त्यांनी डोळे मिटले असतील, मला मागचं दिसत नव्हतं. तळवा बराच वेळ तिथंच होता. माझ्या मानेवर ऊन होतं आणि मी मागं पाहिलं नाही.

मग त्यांनी हात काढला.

"एकटेच आहात," ते म्हणाले. "जा."